कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी निधी उभारायचाय? आधी बॅटऱ्यांचा हिशेब मांडा

चार माणसं जमतात, कुणीतरी म्हणतं, "शाळेतल्या त्या कर्णबधिर मुलांसाठी काहीतरी करू या," आणि पंधरा मिनिटांत गाडी कार्यक्रमाची तारीख, बॅनर आणि प्रमुख पाहुण्यांवर येऊन थांबते. पहिल्या बैठका बहुधा अशाच होतात. पैसे कशाला लागणार, किती लागणार आणि किती वर्षं लागणार, हे विचारायचं राहूनच जातं. मग कार्यक्रम दणक्यात होतो, कानाची मशीनं वाटली जातात, फोटो निघतात. सहा-आठ महिन्यांनी त्यातली बरीचशी मशीनं डबीत पडून असतात. मुलांना ती नको असतात असं नाही. कुणाची बॅटरी संपलेली असते, कुणाच्या मशीनचा कानात बसणारा साचा बसेनासा झालेला असतो.

हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझ्या मते मशीन घेऊन देण्यासाठी पैसे मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. मुलाच्या कानावर दहा वर्षं चालू मशीन राहावं यासाठी पैसे मिळवणं अवघड, आणि लोकांनी मिळून उभारलेल्या निधीचा खरा उपयोग तिथेच आहे.

पहिली पायरी: एका मुलाचा शाळेतला दिवस नीट बघा

कुठलंही आवाहन लिहायच्या आधी शाळेत जा. शिक्षकांची आणि पालकांची परवानगी घ्या, आणि वर्गात मागच्या बाकावर तासभर बसा. फळ्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, पंख्याची घरघर, बाजूच्या वर्गातला गलका हे सगळं मशीन लावलेल्या मुलाच्या कानात एकत्रच शिरत असतं. मशीन आवाज मोठा करतं. पण त्यातला कामाचा कुठला आणि बिनकामाचा कुठला, हे वेगळं करणं त्याला फारसं जमत नाही. शिवाय अंतर आहेच. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. साध्या मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग बोलणारा मीटर-दीड मीटरवर असेपर्यंत. त्यापुढे मूल अर्धं ऐकतं आणि अर्धं ताडतं. दुपारपर्यंत ते थकलेलं दिसतं ते यामुळे.

मग मशीन हातात घेऊन बघा. कानामागे बसणारा छोटा भाग, त्यातून निघालेली पारदर्शक नळी, आणि त्या मुलाच्या कानाचं माप घेऊन बनवलेला मऊ साचा, म्हणजे इअर मोल्ड. मूल वाढतं तसा कानही वाढतो, आणि साचा सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर गळतो, परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. वर्गातली मुलं वळून बघतात, की हे मूल मशीन काढून दप्तरात टाकतं. लहान मुलांना दर काही महिन्यांनी नवा साचा लागतो. मोठ्या मुलांचं वर्षभर निभतं. नळी पिवळी आणि कडक पडते, तीही बदलावी लागते.

आता बॅटरी. मशीनमधल्या बऱ्याचशा बॅटऱ्या झिंक-एअर प्रकारच्या असतात. वरची चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. पट्टी परत चिकटवली म्हणून ती झोपत नाही. मशीनच्या ताकदीनुसार आणि वापरानुसार ती काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत टिकते. दर कानाला आठवड्याला एक असं धरलं, तर दोन्ही कानांना मशीन असलेल्या मुलाला वर्षाला १०४ बॅटऱ्या लागतात. अशी दहा मुलं असली तर हजाराच्या वर. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पहिल्या बैठकीत मधोमध ठेवा. चर्चेचा नूरच बदलतो.

आता रिचार्ज होणारी मशीनंही मिळतात. तिथे बॅटऱ्यांचा खर्च वाचतो, पण चार्जर लागतो, घरी भरवशाची वीज लागते, आणि आतली बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

दुसरी पायरी: गरजांची यादी, आणि ती तुम्ही बनवायची नाही

यादी बनवायची ती कर्णबधिर विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी, विशेष शिक्षकांनी आणि ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने. तुम्ही फक्त लिहून घ्यायची. शक्य झालं तर शिकून मोठी झालेली एखादी कर्णबधिर व्यक्ती समितीत घ्याच. "शाळेत तुला सगळ्यात जास्त काय नडलं?" या प्रश्नाचं उत्तर ती व्यक्ती जसं देईल, तसं आपल्यातलं कुणी देऊ शकत नाही.

यादीत अनपेक्षित गोष्टी येतील. एखादं मूल मशीन वापरतच नाही, ते खुणांच्या भाषेत शिकतं. त्याला हवा आहे दुभाषा, आणि त्याच्या घरच्यांना हवे आहेत त्या भाषेचे वर्ग. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या घरी जन्मतात. अमेरिकेत हे प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त असल्याचं दिसून आलं आहे. म्हणजे मुलाची भाषा घरात कुणालाच येत नाही, हे नेहमीचंच चित्र. पालकांच्या अशा वर्गांना देणगी मिळवणं कठीण जातं, कारण फोटोत दाखवण्यासारखं काही नसतं. तरी मी ते यादीत बरंच वर ठेवीन.

एका मुलाला एकाच कानाने कमी ऐकू येतं. दुसऱ्याची श्रवणहानी सौम्य आहे, म्हणून ते "लक्ष देत नाही" या शेऱ्याखाली गेलेलं आहे. अशी मुलं मदतीच्या यादीत सहसा येतच नाहीत. त्यांना मुद्दाम शोधा.

वर्गासाठी सगळ्यात कामाची वस्तू कुठली विचाराल तर रिमोट मायक्रोफोन. शिक्षक तो गळ्यात किंवा कॉलरला लावतात, आणि त्यांचा आवाज वर्गातला गोंधळ ओलांडून थेट मुलाच्या मशीनमध्ये किंवा कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्रात) पोचतो. शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा, असं तज्ज्ञ सांगतात. साध्या वर्गात तेवढा फरक क्वचितच मिळतो. विकत घेण्याआधी तो मायक्रोफोन मुलाच्या मशीनशी जुळतो का हे ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या, कारण सगळी मॉडेलं एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि मग अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर कापडी फलक. अमेरिकेतल्या वर्गांसाठीच्या मानकानुसार रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आत आणि प्रतिध्वनी जास्तीत जास्त ०.६ सेकंद असावा. तिथवर पोचलं नाही तरी चालेल. रबरी टोप्यांनी एका दुपारीत फरक कळतो, आणि तो वर्गातल्या सगळ्याच मुलांना मिळतो.

यादी झाली की प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: एकदाच लागणार, दरवर्षी लागणार की दर महिन्याला. मशीन साधारण पाच वर्षांनी बदलावं लागतं, तेही "दरवर्षी"च्या रकान्यात एक पंचमांश करून धरा. इम्प्लांट असलेल्या मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा खर्च सगळ्यांना दिसतो. पण इम्प्लांटचा कानाबाहेर लावायचा भाग, म्हणजे प्रोसेसर, त्याच्या वायरी, दुरुस्ती आणि वर्षानुवर्षं चालणारी स्पीच थेरपी यांचा रकाना बहुधा कोरा राहतो. तो भरा.

तिसरी पायरी: पैसा कुणाच्या नावावर

हे कंटाळवाणं आहे, पण एक रुपयाही हातात घेण्याआधी उरकायला हवं. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात देणगी घ्यायची नाही, माणूस कितीही सज्जन असो. नोंदणीकृत संस्था, शाळेचा पालक संघ किंवा आधीपासून चालू असलेला न्यास यांच्या नावाचं वेगळं खातं हवं, आणि त्यावर दोघांच्या सह्या. देणगी गोळा करण्याचे आणि करसवलतीचे नियम देशोदेशी वेगळे असतात, त्यामुळे जागच्या जाणकाराला गाठून एकदा विचारून घ्या. नवी संस्था काढायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. त्या कागदपत्रांतच सगळ्यांचा दम जातो.

पावती प्रत्येकाला, लहान रकमेलासुद्धा. रोख मोजताना दोघं हवेत, आणि वही लिहिणारा तिसरा. उरलेल्या पैशाचं काय करणार, हे आवाहनातच लिहून टाका: "ठरलेल्या कामातून शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षीच्या बॅटऱ्या आणि साच्यांसाठी वापरू." एवढ्या एका वाक्याने पुढची भांडणं वाचतात.

समितीत मशीन विकणारा कुणी असेल तर त्याचा सल्ला जरूर घ्या. पण काय विकत घ्यायचं आणि कुणाकडून, हे ठरवताना त्याने बाहेर थांबायचं. हे त्याच्या तोंडावर पहिल्याच दिवशी सांगितलं तर कुणालाच राग येत नाही.

चौथी पायरी: मागायचं कसं

नवख्यांना वाटतं की निधी म्हणजे मोठा कार्यक्रम. माझं मत उलट आहे. कार्यक्रमाला सभागृह, ध्वनी, छपाई लागते. जमलेल्या पैशातला चांगला वाटा तिथेच खर्च होतो, आणि कार्यकर्ते पुढचे दोन महिने फोन उचलत नाहीत. तुमचा खर्च दर महिन्याचा आहे, तर मिळकतही दर महिन्याची हवी. दरमहा थोडी रक्कम देणारी तीस-चाळीस माणसं मिळाली, तर बॅटऱ्यांचा आणि साच्यांचा प्रश्न सुटायला लागतो. कार्यक्रम करायचाच असेल तर रिमोट मायक्रोफोनसारख्या एकदाच्या, मोठ्या खरेदीसाठी करा.

सुरुवात ओळखीच्यांपासून करा, आणि एकेकाला गाठून मागा. दोनशे जणांच्या गटात टाकलेला संदेश सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा देईल. एकेकट्याला पाठवायचा संदेश साधारण असा असावा:

"नमस्कार. इथल्या शाळेत कर्णबधिर मुलं शिकतात. त्यांची कानाची मशीनं बॅटरीवर चालतात, आणि एका मुलाला वर्षाला शंभरेक बॅटऱ्या लागतात. एका मुलाच्या बॅटऱ्या आणि साचे यांचा वर्षभराचा खर्च तुम्ही उचलाल का? पूर्ण नाही तर अर्धा चालेल. दरमहा दिलात तर आम्हाला जास्त सोयीचं. पावती लगेच मिळेल, आणि वर्षाअखेरीस पूर्ण हिशेब पाठवू. जमत नसेल तर तसं कळवा, काही हरकत नाही."

यात रक्कम तुमच्या हिशेबातली घाला. "यथाशक्ती" लिहू नका. किती द्यावं हे कळलं नाही की माणूस उद्यावर ढकलतो. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. नकार द्यायची मोकळीक असली की लोक उत्तर तरी देतात.

या संदेशात "बिचारी मुलं", "अंधारलेलं आयुष्य" असलं काही नाही, हे लक्षात आलं असेल. दया दाखवून मागितलेला पैसा एकदाच येतो. शिवाय ती पत्रकं मुलं स्वतः वाचतात, आणि त्यांचे वर्गमित्रही.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात मेसन कॉग्सवेल नावाच्या डॉक्टरांची मुलगी अ‍ॅलिस कर्णबधिर होती आणि तिच्यासाठी देशात शाळाच नव्हती. १८१५ साली शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली आणि थॉमस गॅलॉडेट यांना कर्णबधिरांना शिकवण्याची पद्धत शिकायला युरोपात पाठवलं. ते परतले ते पॅरिसच्या शाळेतले कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर यांना बरोबर घेऊन. मग दोघं शहरोशहरी निधी मागत हिंडले. क्लेर यांचं लिहिलेलं भाषण सभेत वाचून दाखवलं जाई, आणि लोकांच्या प्रश्नांना ते लिहून उत्तरं देत. १८१७ मध्ये शाळा उघडली. समोर एक विद्वान कर्णबधिर माणूस स्वतः उभा होता, त्यामुळे ही मुलं शिकू शकतात का, ही शंका काढायला जागाच उरली नव्हती. तुमच्याकडेही असं बोलणारं कुणी असेल, आवाजाने नाही तर हातांनी किंवा लिहून. सूत्रसंचालन त्यांच्याकडे द्या.

तारखा निवडायच्या तर दोन सोयीच्या आहेत. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. तिसऱ्या महिन्याची तीन तारीख घेतली, कारण ३ चा इंग्रजी आकडा कानासारखा दिसतो आणि दोन तिना म्हणजे दोन कान. दुसरी २३ सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. १९५१ साली याच दिवशी जागतिक कर्णबधिर महासंघ स्थापन झाला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनाही विषय हवा असतो. बातमीदाराला द्यायला एखादा खात्रीचा आकडा जवळ ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणहानीसाठी उपचार-पुनर्वसनाची गरज आहे, आणि त्यात ३ कोटी ४० लाख मुलं आहेत.

कार्यक्रम ठेवलाच तर तो कर्णबधिरांना कळेल असा हवा. दुभाषा मंचावर, उजेडात, वक्त्याच्या शेजारी. पडद्यावर चालू मजकूर, म्हणजे बोललेलं लगेच लिहून दिसणं. बोलणाऱ्याच्या तोंडावर माईक किंवा हात आडवा नको. पहिल्या रांगा पाहुण्यांऐवजी या मुलांना. दुभाषाचं मानधन खर्चात आधीच धरा. दीर्घ कार्यक्रमाला दोन लागतात, कारण हे काम डोक्याला इतकं शिणवतं की वीसेक मिनिटांनी अदलाबदल करावी लागते. आणि पाहुण्यांच्या कानात बोळे घालून "अनुभव" देण्याचा खेळ टाळा. बोळ्याने आवाज लहान होतो एवढंच. जन्मापासून कमी ऐकत भाषा शिकणं काय असतं, ते त्यातून कळत नाही. उलट लोक चुकीची समजूत घेऊन घरी जातात.

पाचवी पायरी: फोटो आणि नावं

पालकांची लेखी संमती घ्या, आणि मूल मोठं असेल तर त्याचीही. संमती दिली नाही म्हणून मदत थांबणार नाही, हे त्याच कागदावर लिहा. मुलाचा ऑडिओग्राम (किती ऐकू येतं याचा आलेख), घरची मिळकत, आजारपण यातलं काहीही आवाहनात जाता कामा नये. नेटवर टाकलेला फोटो मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही तिथेच असेल.

इम्प्लांट पहिल्यांदा चालू केल्यावर मूल दचकतं, हसतं किंवा रडतं, तो व्हिडिओ हमखास फिरतो. देणगीही येते. पण बघणाऱ्याला वाटतं, काम झालं. प्रत्यक्षात त्या क्षणी मुलाला नुसता आवाज कळलेला असतो, शब्द नाही. पुढे कित्येक महिने, वर्षं थेरपी आणि सराव असतो, आणि नेमक्या त्याच काळात देणगीदार निघून गेलेले असतात. व्हिडिओऐवजी थेरपीच्या साध्यासुध्या तासाचं दोन ओळींचं वर्णन पाठवा.

सहावी पायरी: वाटप

एक पानाचा अर्ज पुरे. निकष आधी लिहून ठेवा, आणि अर्जदाराच्या नात्यातल्या सदस्याने त्या निर्णयात बसू नये. सरकारी योजनेतून किंवा विम्यातून जे मिळू शकतं ते आधी मिळवून द्या. त्याचे फॉर्म भरायला बसणारा एक स्वयंसेवक हीसुद्धा मोठी देणगी आहे. पैसे पालकांच्या हातात देण्यापेक्षा थेट ऑडिओलॉजिस्टला किंवा विक्रेत्याला बिलावर द्या.

जुनी मशीनं दान म्हणून येतील. कुणाच्या आजोबांचं मशीन उचलून मुलाच्या कानात घालायचं नाही. प्रत्येक मशीन त्या त्या कानाच्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवावं लागतं. आवाज गरजेपेक्षा जास्त ठेवला गेला तर उरलेली श्रवणशक्तीही धोक्यात येते. चांगल्या स्थितीतली जुनी मशीनं ऑडिओलॉजिस्टकडून तपासून, नव्याने जुळवून "उसनी पेटी"त ठेवा. एखाद्याचं मशीन दुरुस्तीला गेलं की तेवढ्या दिवसांपुरतं ते वापरता येतं. दुरुस्तीत तीन आठवडे गेले, तर ते मूल शाळेत येऊनही तीन आठवडे घरीच असल्यासारखं असतं.

शाळेसाठी एक छोटा संच विकत घ्या: बॅटरी तपासायचं यंत्र, मशीनचा आवाज स्वतः ऐकून बघायची स्टेथोस्कोपसारखी नळी, साच्यातली ओल फुंकून काढायचा रबरी फुगा, ओल शोषणाऱ्या गोळ्यांची डबी. एका शिक्षिकेला ते वापरायला शिकवा. रोज सकाळी शिक्षिका मुलाच्या मागे उभ्या राहून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, श, स, म असे सहा आवाज काढतात आणि मूल ते परत म्हणतं किंवा हात वर करतं. बोलण्यातले जाडे-बारीक सगळे स्वर या सहांत येतात, म्हणून "स" ऐकू आला नाही की कळतं, काहीतरी बिघडलंय. मिनिटभराचं काम आहे. वरच्या सगळ्या यादीत याच्याइतकं कमी पैशात एवढं काम करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

सातवी पायरी: वर्षभराने

मशीन दिल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी चौकशी करा. आजकालच्या बऱ्याच मशीनांत ती दिवसाला सरासरी किती तास वापरली गेली याची नोंद असते, आणि ऑडिओलॉजिस्टला ती वाचता येते. पालकांच्या परवानगीने ती विचारा. तास कमी दिसले तर घरच्यांना जाब विचारू नका. साचा टोचतोय का, बॅटऱ्या पोचल्या का, वर्गात कुणी चिडवतंय का, हे विचारा.

देणगीदारांना हिशेब पाठवताना साच्यांची, बॅटऱ्यांची, दुरुस्त्यांची संख्या द्या, आणि जे जमलं नाही तेही लिहा. "दोन मुलांना मशीन मानवलं नाही, त्यांच्यासाठी आता खुणांच्या भाषेचे वर्ग लावले आहेत," असं प्रामाणिकपणे वाचलेला माणूस पुढच्या वर्षी हटकून देतो.

दहावी-बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांची नावं दर वर्षी वेगळी काढा. कॉलेजात गरज बदलते: तिथे टिपणं घेऊन देणारा सोबती लागतो, व्याख्यानांना चालू मजकूर लागतो, नवा रिमोट मायक्रोफोन लागतो. यासाठी निधीतला एक ठरावीक हिस्सा पहिल्या वर्षापासूनच बाजूला ठेवा, कारण शाळेच्या नावाने दिलेला पैसा शाळेबाहेर वापरायला नंतर परवानगी मिळत नाही. आणि यातलं कुणी तयार असेल तर त्याला पुढच्या वर्षीच्या समितीत घ्या, खजिनदार म्हणून घेतलंत तर उत्तमच.